ऊन खिडकीबाहेरच थांबवा
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आपल्या नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की घरोघरी एकच बोलणं सुरू होतं, यंदा एसी घ्यायचा का? जुन्या घरात राहणाऱ्यांना आणखी एक सल्ला मिळतो. लाकडी खिडक्या काढा, ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवा. दोन्ही खर्च मोठे. म्हणून आधी खिडकीतून ऊन घरात कसं शिरतं ते समजून घेऊ.

साध्या काचेवर ऊन पडलं की त्यातल्या उष्णतेचे दहातले आठ भाग तरी आत येतात. फरशी, गादी, भिंत तापते. या तापलेल्या वस्तूंची उष्णता मात्र काचेतून तशी परत बाहेर जात नाही. उन्हात बंद उभी राहिलेली मोटार आठवा, तसंच हे. आता आपण काय करतो? आतून जाड पडदा लावतो. पण ऊन तोवर काच ओलांडून आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती धग खोलीतच राहते. तोच आडोसा काचेच्या बाहेर असेल, तर तापतो तो बाहेर आणि वारा त्याची धग घेऊन जातो. आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच: ऊन काचेच्या बाहेर अडवायचं.

पण सगळ्या खिडक्यांवर सारखा खर्च नको. नवतप्याच्या दिवसांत, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दीड फुटाचा छज्जा असला की उन्हाळ्यात तेवढा पुरतो. थंडीत दुपारचा सूर्य दक्षिणेला खाली कलतो, तेव्हा छज्ज्याखालून हवंहवंसं ऊन आत येतं. ही खिडकी झाकू नका.

खरा त्रास पश्चिमेच्या खिडकीचा. मे महिन्यात चार वाजता तिथे दीड फुटाच्या छज्ज्याची सावली जेमतेम फूटभर खाली उतरते, पाच वाजता अर्ध्या फुटाच्या आसपास. बाकीच्या खिडकीतून ऊन सरळ आत. त्याच खोलीत सासूबाई झोपत असतील किंवा बाळ-बाळंतीण असेल, तर रात्री अकरा वाजताही भिंत गरम लागते. इथे उभा आडोसाच हवा. पूर्वेच्या खिडकीला सकाळी हाच नियम.

आडोसा कशाचा? बांबूचा तट्टा किंवा चिक सगळ्यांत सोपी. रोपवाटिकेवर लावतात ती हिरवी जाळीही चालते. तट्टा काचेला चिकटवू नका, वीतभर अंतर ठेवा म्हणजे मधून हवा खेळेल. भाड्याचं घर असेल तर गजांनाच दोरीने बांधता येतं, खिळा ठोकावा लागत नाही. मात्र खालची टोकंही बांधा, वळिवाच्या वाऱ्यात सैल तट्टा उडून कुणाला लागेल. स्वयंपाकघरात शेगडीजवळ तट्टा नको. अंगण असेल तर खिडकीपुढे मांडव घालून दोडका किंवा कारलं चढवा, पण उन्हाळ्याआधी वेल वाढायला हवा. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं की कोरड्या हवेत छान गारवा येतो, पण पाणी दुरून आणावं लागत असेल तर नुसती सावलीही पुष्कळ काम करते.

आता जुन्या लाकडी खिडकीबद्दल. ती घाईने काढू नका. दोन पल्ल्यांची खिडकी पूर्ण उघडते; दोन सरकत्या काचांची निम्मीच उघडते, कारण एक काच नेहमी दुसरीमागे राहते. शिवाय लाकडातून उष्णता हळू येते, ॲल्युमिनियममधून झटकन. पल्ला वाकला असेल तर सुताराकडून रंधून घ्या. तावदान हलत असेल तर लांबी भरा. दुपारी खोली अंधारी करून पाहा. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथूनच गरम झळा येतात. तिथे रबरी पट्टी लावा.

खिडकी कधी उघडायची, हेही महत्त्वाचं. सकाळी ऊन तापायच्या आत बंद करा आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडा. गज आणि डासांची जाळी नीट असेल तर रात्रभर उघड्या ठेवता येतात. कुलर लावला की समोरची खिडकी थोडी उघडी हवी. कुलर बाहेरची हवा आत ढकलतो, तिला बाहेर पडायला वाट नसेल तर खोली दमट होते. एसी असेल तर उलट, सगळं घट्ट बंद.

घरावर टिनाचं छप्पर असेल तर दुपारचं ऊन त्यावरच जास्त पडतं. तिथे आधी छपराकडे लक्ष द्यावं लागेल, नुसत्या खिडकीने भागणार नाही.

एवढं करूनही एसी लागलाच, तर सावलीतल्या खोलीत त्याला कमी राबावं लागेल आणि बिलही कमी येईल. आज दुपारी चार वाजता घरातून एक फेरी मारा. फरशीवर ऊन कुठल्या खिडकीतून पडतं ते बघा. पहिला तट्टा तिथेच बांधायचा.