ठसा आधी तुकड्यावर

दिवाळीसाठी हातानं शुभेच्छापत्रं करून विकायची, तर नफा खातात ती बिघडलेली कार्डं. ठसा जरासा हलला की जाड कागद वाया. म्हणून आमच्या गटात आम्ही कार्डावर थेट ठसा मारतच नाही.

ए-४ आकाराच्या जाड कागदाचे दोन सारखे भाग करून प्रत्येकाची मधोमध घडी घालतो. चमच्याच्या पाठीनं दाबली की घडी नीट बसते. ठसे मारतो ते सुट्या पांढऱ्या तुकड्यांवर, आणि चांगले उमटलेले तेवढेच निवडतो. रंगीत कागद कार्डापेक्षा चारही बाजूंनी ५ मिलिमीटर लहान कापायचा, पांढरा तुकडा त्याहून तेवढाच लहान. एकावर एक चिकटवले की आपोआप चौकट दिसते. पाण्याच्या डिंकानं पातळ कागदाला सुरकुत्या पडतात; दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी बरी.

ठसा खोडरबरावर कोरता येतो. आडवी कापलेली भेंडी तर आयतं फूल देते. आधी कापडावर टिपून घ्या. अक्षरं मात्र उलटी कोरावी लागतात. बटर पेपरवर पेन्सिलीनं लिहून तो रबरावर पालथा ठेवून घासा, अक्षरं उलटीच उमटतात.

नेहमीच्या स्टॅम्प पॅडची शाई कागदात मुरते, लवकर वाळते, पण गडद कागदावर दिसत नाही. तिथं पिगमेंट शाई हवी. ती कागदाच्या वर बसते, म्हणून सावकाश वाळते. घाईनं एकावर एक रचू नका.

बिघडलेल्या तुकड्यांच्या कोऱ्या बाजूवर भेटवस्तूंच्या चिठ्ठ्या होतात. आणि किंमत लावताना कागद-शाईबरोबर आपले तासही मोजा.