ब्लाउजचे तयार कटिंग आपल्या छातीला बसवताना

३६चा ब्लाउज छातीला घट्ट होतो म्हणून ३८चे कटिंग घेतले, की छाती बसते. पण खांदा उतरतो, गळा पसरतो आणि मुंढ्याला चुण्या पडतात. मोठ्या नंबरात सगळीच मापे वाढतात, आणि आपल्याला जागा हवी असते फक्त पुढे. म्हणून खांदा-मुंढा नीट बसणारे कटिंग निवडावे आणि छातीची वाढ कागदावर करावी.

समजा, कटिंग ३६ छातीचे आहे आणि आपली छाती भरते ३८. फरक २ इंचांचा. मागचा भाग तसाच ठेवायचा. पुढचे भाग दोन, म्हणजे प्रत्येकी १ इंच वाढ.

खालचा आणि बाजूचा टक्स असलेला पुढचा भाग ब्राउन पेपरवर उतरवून घ्या. खांद्यापासून माप घेऊन टक्स पॉइंट ठरवा. खालच्या टक्सच्या मधून पॉइंटपर्यंत आणि तिथून मुंढ्याच्या खालच्या भागापर्यंत रेघ मारा. दुसरी रेघ बाजूच्या टक्समधून पॉइंटपर्यंत.

पहिल्या रेघेवर खालून कापत जा, पण मुंढ्याच्या शिलाईपाशी थांबा. तिथे कागद किंचित जोडलेला राहू द्या आणि बाहेरून मायेला छोटा काप द्या. दुसरी रेघ बाजूकडून कापून पॉइंटच्या जरा आधी थांबा. आता पॉइंटच्या खालच्या दोन्ही कडा समांतर ठेवून १ इंच फाकवा. बाजूचा टक्स आपोआप उघडेल. खाली नवा कागद चिकटवा. हुकपट्टीकडचा भाग उंचीला कमी पडेल. तेवढा कागद तळाला जोडा.

टक्स नव्याने आखताना टोक पॉइंटच्या अर्धा-पाऊण इंच अलीकडे संपवा. पॉइंटपर्यंत नेले तर तिथे कापड टोचल्यासारखे वर येते. कंबर तेवढीच हवी असेल, तर वाढलेला इंच पूर्ण खालच्या टक्समध्ये घ्या.

शेवटी बाजूचा टक्स कागदावर मिटून बघा. बाजूची शिलाई मागच्या भागाच्या लांबीइतकीच भरली पाहिजे. मुंढ्याची लांबी बदललेली नसते, त्यामुळे बाही जुन्याच कटिंगची चालते.

हे कटिंग आधी मांजरपाटावर शिवून, अंगात घालून, हात वर-खाली करून पाहा. साडीसोबतचा ब्लाउजपीस एकच असतो. त्याला कात्री त्यानंतरच लावा.