पेट्रोल हेलिकॉप्टरची थरथर

पेट्रोलवर उडणाऱ्या मॉडेल हेलिकॉप्टरचं इंजिन मुळात गवत कापायच्या यंत्राच्या घराण्यातलं. जपानी झेनोआची २३ ते २९ सीसीची इंजिनं या छंदात वर्षानुवर्षं वापरली गेली आहेत: एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक, पेट्रोलात टूटी ऑइल मिसळलेलं. पावसाळा सरल्यावर बागांमध्ये खांद्याला अडकवून जो ग्रास कटर फिरवतात, त्याचंही इंजिन याच जातीचं. कटर थरथरला तर हाताला मुंग्या येतात आणि माणूस चार मिनिटं थांबतो. हेलिकॉप्टरमध्ये मात्र त्याच इंजिनावर दीड मीटर व्यासाचा पंखा फिरत असतो. मिनिटाला दीड हजार फेरे धरले, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी चारशे किलोमीटरच्या वर जातो. त्या पंख्याचा तोल सांभाळायचं काम नखाएवढ्या चिपकडे असतं आणि तीच चिप थरथरत्या सांगाड्याला चिकटवलेली असते.

नवी मुंबईत पावणे एमआयडीसीला लागून असलेल्या महापे इथल्या आयडियाफोर्जने वेगळी वाट धरली. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या तरुणांनी २००७ साली सुरू केलेल्या या कंपनीने डीआरडीओबरोबर ‘नेत्र’ हा ड्रोन घडवला. चार पंखे, चार विजेच्या मोटरी, बॅटरी. ‘थ्री इडियट्स’मध्ये उडालेला ड्रोनही त्यांचाच. मोटरीत दट्ट्या खालीवर होत नाही, त्यामुळे थरथरीचं सर्वांत मोठं मूळच नाहीसं होतं. मग पेट्रोलच्या वाटेला कोणी का जावं? एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते. एक किलो लिथियम पॉलिमर बॅटरीत जेमतेम ०.१५ ते ०.२. छोटं टू-स्ट्रोक इंजिन यातला मोठा वाटा उष्णतेत आणि धुरात घालवतं, तरी उरतं ते बॅटरीच्या कैक पट. शिवाय टाकी संपली की पुन्हा भरायची आणि उडायचं. थरथर ही या सोयीची किंमत आहे.

एका सिलिंडरच्या इंजिनाचा तोल पूर्ण साधताच येत नाही. दट्ट्या सरळ रेषेत धावतो, क्रँकवरचं प्रतिवजन गोल फिरतं. वजन वाढवलं की दट्ट्याच्या दिशेचा हादरा कमी होतो आणि काटकोनात दुसरा जन्मतो. म्हणून कारखान्यात मधला मार्ग काढतात आणि उरलेला हादरा सांगाड्यात जातो. मिनिटाला १२,००० फेरे म्हणजे सेकंदाला २०० ठोके. त्याच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट वारंवारतेचे ठोकेही त्यात मिसळलेले असतात.

पूर्वीच्या मॉडेल हेलिकॉप्टरमध्ये मुख्य पंख्याच्या डोक्यावर छोट्या पात्यांचा आडवा दांडा असे, फ्लायबार. तो यांत्रिकपणे तोल राखायचा. फ्लायबार गेला आणि तिन्ही अक्षांची जबाबदारी वळण मोजणाऱ्या जायरोवर आली. आजच्या जायरोच्या चिपमध्ये सिलिकॉनचं एक सूक्ष्म वजन सेकंदाला हजारो वेळा हलवत ठेवलेलं असतं. हेलिकॉप्टर वळलं की कोरिओलिसच्या बलाने ते वजन किंचित बाजूला सरकतं आणि त्या सरकण्यावरून वळणाचा वेग मोजला जातो. म्हणजे हा जायरो स्वतःच कंपनावर चालतो. त्याला बाहेरून आणखी कंपनं दिली, तर आपलं कुठलं आणि परकं कुठलं हे ओळखणं त्याला जड जातं.

खरा घात नमुने घेण्यात आहे. समजा, तोल सांभाळणारा कंट्रोलर सेकंदाला हजार वेळा जायरो वाचतो आणि इंजिन ११,९४० फेऱ्यांवर आहे, म्हणजे सेकंदाला १९९ ठोके. त्यांची पाचवी पट ९९५. हजार वेळा वाचणाऱ्याला ९९५ ची कंपनं दिसतात ती सेकंदाला पाच वेळा होणारी संथ हालचाल म्हणून. सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरताना दिसतात, तसंच हे. कंट्रोलर त्या नसलेल्या हालचालीशी झगडतो आणि शेपूट डोलू लागते. इंजिनाचे फेरे बरोबर १२,००० झाले, की तीच कंपनं स्थिर चूक होऊन बसतात आणि शेपूट एका बाजूला सरकत राहते. फेरे थोडे बदलले की दोष गायब! पायलट सर्वो बदलतो, रिसीव्हर बदलतो, काहीच सापडत नाही. नव्या चिपा आतल्या आत कितीतरी जास्त वेगाने नमुने घेऊन गाळतात, म्हणून हा त्रास कमी झाला आहे; पण हादरा मोजमापाच्या मर्यादेबाहेर गेला तर त्यांचाही नाइलाज होतो.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो फोमच्या चिकटपट्टीचा. पण पट्टी एका ठरावीक वारंवारतेच्या वर गेल्यावरच कंपनं अडवते आणि त्या वारंवारतेच्या आसपास ती उलट वाढवते. जायरोची डबी अगदी हलकी, त्यामुळे कडक फोमवर ती नुसती सांगाड्याबरोबर नाचते. तिच्याखाली धातूची पट्टी घालून वजन वाढवलं की अडवण्याची हद्द खाली येते. फार मऊ ठेवलं तर ती मुख्य पंख्याच्या २५ हर्ट्झपाशी पोहोचते आणि खऱ्या हालचालीच बुडतात. वायरींकडे तर कोणी बघतच नाही. ताणून बांधलेला वायरींचा जुडगा फोमला वळसा घालून हादरा थेट डबीत नेतो. वायरीला सैल वेढा हवाच.

माझ्या मते मात्र फोमच्या आधी डायल गेज बाहेर काढावा. क्रँकवर बसलेला कूलिंग फॅन आणि क्लच हातानं फिरवून रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, बघावा. तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचा असतो आणि दोन-तीन शतांशांच्या वर गेला की फॅन उतरवून, पुन्हा बसवून, पुन्हा मोजायचा. क्लचची बेल आणि इंजिन एका रेषेत आहेत का, मुख्य आणि शेपटाची पाती जोडीजोडीने सारख्या वजनाची आहेत का, सायलेन्सरचे बोल्ट सैल झालेत का, हे पुढचं. यात हेलिकॉप्टरसाठी खास असं काहीच नाही. पावण्यासारख्या औद्योगिक पट्ट्यातल्या गाळ्यात लेथवर उभा असलेला टर्नर आणि आयटीआयतून आलेला फिटर हेच काम पंपांच्या आणि ब्लोअरच्या शाफ्टवर रोज करतात. छंदिष्टांनी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाइतकाच या गाळ्यांचा रस्ता धरावा, असं मला मनापासून वाटतं.

यामाहाने हा प्रश्न मुळाशीच सोडवला. जपानच्या भातशेतीवर फवारणी करणाऱ्या त्यांच्या ‘आरमॅक्स’ या चालकविरहित हेलिकॉप्टरला २४६ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आहे. त्याचे दोन सिलिंडर समोरासमोर आडवे. दोन्ही दट्टे एकाच वेळी विरुद्ध दिशांना धावतात आणि एकमेकांचा धक्का बव्हंशी फेडून टाकतात. स्थैर्य राखणाऱ्या यंत्रणेत त्यांनी फायबर ऑप्टिक जायरो घातले. त्यात हलणारं वजन नसतंच, प्रकाशाच्या प्रवासातला फरक मोजला जातो. पण इतकी महागडी यंत्रणा छंदाच्या खिशाला परवडणारी नाही.

छंदाच्या हाती आहे ते सॉफ्टवेअर. आर्डूपायलटसारखी मुक्त प्रणाली उड्डाणभर कंपनांची नोंद ठेवते: ३० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आत असेल तर ठीक, ६० च्या वर गेलं की घोटाळा जवळपास ठरलेला. ही कंपनं सॉफ्टवेअरच्या गाळणीने गाळता येतात; पण गाळणी जितकी जड, तितका जायरोचा निरोप उशिरा पोहोचतो आणि उशिरा आलेली दुरुस्ती स्वतःच डोलवते. म्हणून नेमकी एकच वारंवारता कापणारी नॉच गाळणी वापरतात. फेरे मोजणाऱ्या सेन्सरला ती जोडली की इंजिनाचा वेग बदलेल तशी तीही सरकते. दुप्पट-तिप्पट ठोकेही पकडते. बेअरिंग मात्र खराब झालं असेल, तर त्याची खरखर एका वारंवारतेवर टिकत नाही. ती नॉचच्या दोन्ही बाजूंनी आत शिरते आणि अशा वेळी लॅपटॉप मिटून इंजिन खोलावं लागतं.