वेचणीच्या रूढी आणि कापसाचा जागतिक बाजार

शेतमालाला परदेशात मिळणारा भाव कामाच्या रूढींवरही अवलंबून असतो. यवतमाळ जिल्ह्यातील कापूस हे याचे उदाहरण. हा कापूस जगाच्या बाजाराशी फार पूर्वीपासून जोडलेला आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर ही ‘शकुंतला’ रेल्वे ब्रिटिश काळात मुख्यतः कापूस वाहण्यासाठीच बांधली गेली.

‘सीतादही’ ही शेतातली पूजा करून कापसाच्या वेचणीला आरंभ होतो. बोंडे फुटतील तसा, बहुतांशी स्त्रियाच हाताने कापूस वेचतात. त्यातून मजुरी मिळते. मात्र वेचताना आणि साठवताना केस, पोत्यांचे व प्लास्टिकचे धागे त्यात मिसळतात. या धाग्यांवर रंग नीट चढत नाही, कापडावर डाग दिसतात आणि गिरण्या अशा रुईला कमी भाव देतात.

विक्रीची वेळही रीतींशी बांधलेली आहे. दिवाळी, उधारीची फेड आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नकार्ये यांसाठी पैसा लागतो. त्यामुळे अनेकांचा कापूस एकाच वेळी बाजारात येतो व भाव दबतात.

स्वच्छ भारतीय रुईची ओळख निर्माण व्हावी म्हणून २०२० मध्ये ‘कस्तुरी कॉटन’ हे नाव जाहीर झाले. सुती पिशव्यांत वेचणी, कोरडी साठवण आणि प्रतवारी या सवयी रुजल्या, तरच त्याचा लाभ शेतकऱ्यापर्यंत पोहोचेल.