अनुदानाचा हिशोब आणि माहितीची राखण

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, हा सीए मंडळींचा नाहीतर कॉम्प्युटरवाल्यांचा प्रांत. पण भिवंडीत ज्यांची मुलं-मुली कॉलेजात एनएसएसमध्ये आहेत, त्या प्रत्येक घराशी तो जोडलेला आहे. कसा, ते बघू.

राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचं, शिवाय सात दिवसांचं शिबिर. यासाठी सरकारी पैसा येतो आणि तो स्वयंसेवकांच्या संख्येवर ठरतो. हे लक्षात ठेवा: संख्येवर, म्हणजेच यादीवर.

अनुदान म्हणजे देणगी नव्हे. भिवंडीकरांना हे सांगायला नको. व्यापारी मजुरीवर विणायला सूत देतो, तेव्हा सूत त्याचंच राहतं. किती सूत घेतलं, किती कापड दिलं, घट किती, याचा हिशोब कारखानदाराला द्यावा लागतो. अनुदानाच्या या हिशोबाला उपयोगिता प्रमाणपत्र म्हणतात. दरवर्षीच्या अनुदानात मागच्या वर्षाचं प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढची रक्कम सोडायची नाही, असा केंद्राच्या वित्तीय नियमांचा दंडक आहे.

मग हे तपासतं कोण? देशाचे महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग. १९७१ च्या कायद्यातलं कलम १४ सांगतं की एखाद्या संस्थेला वर्षात किमान २५ लाखांचं अनुदान मिळत असेल आणि ते तिच्या खर्चाच्या किमान ७५ टक्के असेल, तर कॅग तिचे हिशोब तपासते. विशिष्ट कामासाठी दिलेल्या अनुदानांना कलम १५ लागू होतं. तिथे कॅग मुख्यतः हे बघते, की पैसे देणाऱ्या खात्याने अटी पाळल्या गेल्याची खात्री कशी करून घेतली. ती खात्री होते कागदावरून आणि आता स्क्रीनवरच्या यादीवरून. यादीच खोटी असेल, तर बेरीज बरोबर येऊनही उपयोग काय?

याचं ढळढळीत उदाहरण २०२३ च्या कॅग अहवालात आहे, आयुष्मान भारत योजनेवरच्या. सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाईल नंबर होता: दहा वेळा नऊ! मोबाईल नंबर सक्तीचा नाही, ओळख आधारवरून पटवली जाते, असा खुलासा सरकारने केला. तो लक्षात घेऊनही प्रश्न उरतोच. असा नंबर सिस्टीमने स्वीकारला कसा? हा प्रश्न पैशाचा की कॉम्प्युटरचा? दोन्हींचा.

अमेरिकेत अमेरिकॉर्प्स नावाची राष्ट्रीय सेवेची संस्था आहे. तिथलं महानिरीक्षकांचं कार्यालय अनुदान घेणाऱ्यांचे हिशोबही तपासतं आणि दरवर्षी संस्थेच्या माहिती-सुरक्षेचं मूल्यमापनही होतं. एकाच छताखाली.

आपल्याकडे ऑडिटरने कॉलेजात तीन साधे प्रश्न विचारावेत. नाव कोणी भरलं? नंतर कोणी बदललं? यादी कोण कोण उघडू शकतं? एकच पासवर्ड चार जण वापरत असतील, तर पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरच नाही. कोणी कधी काय केलं याची कॉम्प्युटर आपोआप ठेवतो ती नोंद, म्हणजे लॉग. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. ऑडिट मात्र बऱ्याचदा वर्ष संपल्यावर होतं. तोवर जूनमधल्या नोंदी गेलेल्या असू शकतात. म्हणून यादीतल्या बदलांची नोंद ऑडिट होईपर्यंत वेगळी जपून ठेवावी.

आता नाण्याची दुसरी बाजू. ऑडिटला पुरावा हवा म्हणून आपण आधारची झेरॉक्स, पासबुक, फोटो, फोन नंबर सगळं गोळा करतो. मग ती फाईल व्हॉट्सॲपवर फिरते. ज्या मुलीने गावात शिबिर केलं, तिचा नंबर कुठवर पोचला हे तिला कळतसुद्धा नाही. हिशोब चोख राहिला, पण मुलगी उघडी पडली! २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाच्या भीतीची वाट कशाला बघायची? आधारची गरज असेलच, तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत घ्या. फाईल एकाच ठिकाणी ठेवा. मुदत संपली की नष्ट करा आणि नष्ट केल्याची नोंद ठेवा.

पालकांनीही कॉलेजला जरूर विचारावं: आमच्या मुलांची माहिती कोणाकडे आहे आणि कधीपर्यंत? हा संशय नव्हे, हक्काचा प्रश्न आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.