ग्राफिक्स कार्डची निवड : बेताच्या पैशांत

दरवर्षी जून-जुलैमध्ये अभियांत्रिकीचे व संगणकशास्त्राचे प्रवेश सुरू झाले, की आपल्या वसतिगृहात राहून गेलेल्या मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे मला दूरध्वनी येतात. प्रश्न बहुधा एकच असतो : "मुलगा संगणक मागतो आणि गेमसाठी त्यात वेगळे कार्ड हवे म्हणतो. घ्यावे का, आणि घेतले तर कोणते?" हे पैसे शिष्यवृत्तीतून, सुट्टीतल्या कामातून, क्वचित आईने बचत गटातून उचललेल्या कर्जातून उभे राहिलेले असतात. त्यामुळे ‘खेळच तो’ म्हणून हा प्रश्न उडवून लावणे मला जमत नाही. आणि सर्वांत महागड्या कार्डाचे नाव सांगून मोकळे होणेही जमत नाही.

निवडीची सुरुवात कार्डापासून न करता पडद्यापासून करावी. साधारण मॉनिटरवर १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. तो सेकंदाला ६० चित्रे दाखवतो. म्हणजे कार्डाला दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. ‘फोर-के’ पडद्यावर हेच काम चौपट होते. घरी ६० हर्ट्झचा मॉनिटर असताना सेकंदाला दीडशे चित्रे काढणारे कार्ड घेतले, तर वरची बहुतेक मेहनत डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही. दुकानात मात्र ‘मॉनिटर कोणता आहे?’ असे कुणी सहसा विचारत नाही.

दुसरी गोष्ट एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक नुकसान येथेच होते. माझ्या पहिल्या संगणकाच्या कॅबिनेटसोबत एक एसएमपीएस फुकट मिळाला होता. त्यावर ४५० वॅट असे ठळक छापलेले होते. नवे कार्ड बसवल्यावर तो दोन महिन्यांत जळाला आणि जाताना मदरबोर्डलाही घेऊन गेला. छापलेला आकडा व प्रत्यक्ष क्षमता यांत किती अंतर असू शकते, हे मी अशा रीतीने शिकलो. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापुढची वीज एसएमपीएसच्या स्वतंत्र वायरीने द्यावी लागते. जीटीएक्स १६५० ची अनेक मॉडेल्स ७५ वॅटमध्येच भागवतात, म्हणून जुन्या संगणकाला ती सोयीची पडतात. आरएक्स ६६०० ला सुमारे १३२ आणि आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात. अशा कार्डांचा हिशेब करताना चांगल्या एसएमपीएसची किंमत आधीच बाजूला काढून ठेवावी.

नावांच्या बाबतीत सावध राहावे. जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये आले; पुढल्या वर्षी त्याच नावाने, पण संथ डीडीआर४ मेमरी घालून दुसरे कार्ड बाजारात आले. त्याची मेमरी पहिल्याच्या जेमतेम एक-तृतीयांश वेगाने माहिती पुरवते. खोके बघून हा भेद लक्षात येत नाही, म्हणून मेमरीचा प्रकार बिलावर लिहून घ्यावा. व्हॅलोरंटसारख्या खेळांना ४ जीबी मेमरी पुरते. अलीकडचे मोठे खेळ खेळायचे असतील तर ८ जीबीच्या खाली जाऊ नये.

जुने कार्ड घ्यावे का? सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची कार्डांवर चालणारी ‘खाणकाम’ पद्धत बंद झाली आणि जगभर वापरलेल्या कार्डांचा पूर आला. त्यांतली सगळीच निकामी नसतात; बहुधा पंखे व उष्णता वाहणारे पॅड झिजलेले असतात. खरा धोका बनावट कार्डांचा आहे. जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवून ती विकली जातात. ‘जीपीयू-झेड’ हे मोफत सॉफ्टवेअर अशी बरीच लबाडी उघडी पाडते. पैसे देण्यापूर्वी ते चालवावे आणि अर्धा तास एखादा जड खेळ लावून ठेवावा. विक्रेता याला तयार नसेल तर उठून यावे.

महात्मा गांधी रोडवर आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भावात फरक पडतो, म्हणून मुले पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठतात. बिघडलेले कार्ड दुकानातूनच बदलून घ्यायचे झाले तर तोच प्रवास पुन्हा करावा लागतो, हे तिकीट काढतानाच ध्यानात घ्यावे. बिल न घेतल्यास १८ टक्के जीएसटी वाचतो, असे सांगितले जाते. वीस हजारांवर ३,६०० रुपये वाचतात खरे, पण वॉरंटी मागायला हाती कागद उरत नाही.

पैसे फारच कमी असतील तर माझा सल्ला असतो, की यंदा कार्ड घेऊच नये. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये चित्रांची सोय अंगभूत असते; अभ्यास, प्रोग्रामिंग आणि हलके खेळ त्यावर निभतात. रॅम मात्र एका पट्टीऐवजी दोन पट्ट्यांत घ्यावी, वेग वाढतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असते, त्यांत ही सोय नसते; कार्डाविना पडदा काळाच राहतो. वर्ष-दोन वर्षांनी पैसे साठल्यावर कार्ड जोडता येते. त्या वेळी दुकानात जाण्याआधी कॅबिनेटची आतली लांबी टेपने मोजून सोबत न्यावी. मोठी कार्डे तीस सेंटीमीटरच्याही पुढे जातात.