विमानप्रवास आणि शंभर मिलिलिटरची मर्यादा

लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालेल्या आईच्या सामानात दोन वस्तू हमखास असतात. एक, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि दुसरी, बाळाच्या मालिशीसाठी घरी काढलेल्या तेलाची बाटली. नांदेड आणि लातूरच्या व्यापारी घरांत असा प्रवास आता अपूर्वाईचा राहिलेला नाही. मुले शिक्षणासाठी जातात, मुली सासरी जातात आणि त्यांच्यामागोमाग आईवडीलही विमानात बसतात. तेलाची बाटली सांडू नये, फुटू नये म्हणून ती जिवापाड जपून हातातल्या बॅगेत ठेवली जाते. नेमकी तीच सुरक्षा तपासणीत अडते. मोठी बॅग तोवर पुढे गेलेली असते, विमानाची वेळ झालेली असते आणि बाटली तिथेच सोडून द्यावी लागते. बाजारभावाने त्या तेलाची किंमत फार नसते. पण ते ज्या मायेने काढलेले असते, तिची भरपाई कोणत्याही दुकानात मिळत नाही.

हा प्रसंग टाळता येतो. त्यासाठी नियम मात्र घरीच समजून घ्यायला हवा.

नियम आला कोठून?

१० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटनच्या पोलिसांनी एक मोठा कट उधळून लावला. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटके नेऊन अमेरिकेकडे जाणारी प्रवासी विमाने आकाशातच उडवून देण्याचा तो बेत होता. त्या काळच्या क्ष-किरण यंत्रांना बाटलीचा आकार दिसत असे, परंतु आत सरबत आहे की स्फोटक, हे खात्रीने सांगता येत नसे. म्हणून जगाने प्रमाणावरच बंधन घातले. नोव्हेंबर २००६ मध्ये युरोपीय संघाने १०० मिलिलिटरची मर्यादा लागू केली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सर्व देशांना तशीच शिफारस केली आणि भारतातही आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी हाच नियम आला.

नियम तसा थोडक्यात सांगता येतो. हातातल्या सामानातील प्रत्येक द्रव पदार्थ जास्तीत जास्त १०० मिलिलिटरच्या बाटलीत असावा. अशा सर्व बाटल्या एक लिटरच्या, पारदर्शक आणि पुन्हा बंद करता येणाऱ्या पिशवीत ठेवाव्यात. ही पिशवी साधारण २० सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद असते. एका प्रवाशास एकच पिशवी नेता येते. शंभराच्या दहा बाटल्या म्हणजे एक लिटर हा हिशेब कागदावर बरोबर असला, तरी पिशवी ओढाताण न करता बंद व्हावी लागते. त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी बाटल्या बसतात. पतिपत्नी बरोबर असतील तर दोघांच्या दोन पिशव्या होतात, ही सोय लक्षात ठेवावी.

मोजमाप भांड्याचे

व्यापाऱ्याला या नियमातील एक गोष्ट सहज पटत नाही. दुकानात डब्याची किंमत वेगळी आणि मालाची वेगळी असते. ग्राहक पैसे देतो ते आतल्या मालाचे. तपासणीत हिशेब उलटा आहे. तेथे पाहिली जाते ती बाटलीवर छापलेली क्षमता. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाला दोन चमचे शाम्पू उरला असला, तरी ती बाटली २०० चीच धरली जाते. अर्धी पिळून संपलेली मोठी टूथपेस्टही याच न्यायाने बाहेर राहते. टूथपेस्टवर मिलिलिटरऐवजी ग्रॅम लिहिलेले असतात. तेथे वाद घालण्यात अर्थ नाही. पन्नास ते ऐंशी ग्रॅमची लहान ट्यूब घेणे हा सरळ उपाय.

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत फेरफटका मारला, तर लहान रिकाम्या बाटल्या आणि प्रवासी आकाराच्या ट्यूब सहज मिळतात. घेताना त्यांवर क्षमता छापलेली असेल असे पाहावे. मापाचा आकडा नसलेल्या बाटलीबद्दल शंका घेतली जाऊ शकते.

द्रव कशाला म्हणावे?

घरातील समजुतीपेक्षा ही व्याख्या बरीच विस्तृत आहे. तेल, शाम्पू आणि अत्तर तर आलेच. पण टूथपेस्ट, दाढीचा फेस, केसांचा जेल, चेहऱ्याचे मलम, वेदनाशामक बाम, फवाऱ्याचे डिओडरंट हेही त्यातच मोडतात. थंडीत गोठलेले खोबरेल तेल हाताला घट्ट लागले, तरी नियमाच्या दृष्टीने ते द्रवच. तूप, लोणचे, मध आणि ओली चटणी यांनाही हेच लागू. अत्तराची कुपी लहान असली तरी तिची जागा पारदर्शक पिशवीतच.

याउलट आंघोळीच्या साबणाची वडी, तुरटीचा खडा, कोरडे दंतमंजन, शिकेकाई आणि उटणे यांना ही मर्यादा नाही. आजीच्या काळातील न्हाणीघर विमानप्रवासाला आजच्यापेक्षा सोयीचे होते, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. पावडरीबाबत एवढेच ध्यानात ठेवावे की, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या विमानांसाठी २०१८ पासून ३५० मिलिलिटरहून अधिक पावडरवर निर्बंध आहेत. शिकेकाईचा मोठा डबा मोठ्या बॅगेतच बरा.

दोन टप्प्यांचा प्रवास

आपल्या भागातील प्रवाशांची खरी फसगत येथे होते. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेच्या प्रारंभी नांदेड-हैदराबाद विमानसेवा सुरू झाली, तेव्हापासून येथील अनेकांना देशांतर्गत विमान परिचयाचे झाले. परदेशी जायचे तर मात्र मोठा विमानतळ गाठावा लागतो. नांदेडची मंडळी देगलूरमार्गे आणि लातूरची मंडळी उदगीर-बिदरमार्गे हैदराबादला जातात. काही जण पुणे-मुंबईचा रस्ता धरतात, तर काही जण देशांतर्गत विमानाने पहिला टप्पा पार करतात.

देशांतर्गत तपासणीत पाण्याची बाटली किंवा मोठी ट्यूब पुष्कळदा जाऊ दिली जाते. त्यामुळे ‘मागच्या वेळी चालले होते’ अशी समजूत होते. पुढे आंतरराष्ट्रीय उड्डाणाची तपासणी लागते, तेव्हा तीच वस्तू अडते. पहिल्या विमानतळावर मोठी बॅग थेट परदेशापर्यंत सोपवलेली असेल, तर वस्तू तिच्यात परत ठेवण्याचा मार्गही उरत नाही. म्हणून पहिला टप्पा देशातला असला, तरी सामान शेवटच्या टप्प्याच्या नियमाने बांधावे.

ब्रिटनमधील एडिनबरासारख्या काही विमानतळांवर नवी स्कॅनर यंत्रे बसल्याने आता दोन लिटरपर्यंतचा द्रव पदार्थ नेता येतो. परंतु ती सवलत त्या विमानतळापुरती असते. वाटेत विमान बदलताना पुन्हा तपासणी झाली, तर तेथील नियम चालतो. विमानतळावरील करमुक्त दुकानातून घेतलेली बाटलीही मोहोरबंद पिशवीत, पावतीसह, मुक्कामापर्यंत न उघडता ठेवावी लागते.

मोठ्या बॅगेचे शास्त्र

मोठ्या बाटल्यांची जागा सोपवायच्या बॅगेत. तेथेही मर्यादा आहेच. फवारे, अत्तरे, केसांचे स्प्रे अशा ज्वलनशील प्रसाधनांचे एक पात्र ५०० मिलिलिटरहून मोठे नसावे आणि एका प्रवाशाचे असे सर्व सामान मिळून दोन लिटर वा दोन किलोच्या आत असावे. फवाऱ्याचे टोपण घट्ट बसलेले हवे.

तेल सांडते ते बहुधा हवेमुळे. उड्डाणात विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका खाली येतो. बाटलीतील हवा फुगते आणि झाकणातून तेल बाहेर ढकलते. बाटली काठोकाठ भरू नये. मऊ बाटली किंचित दाबून जास्तीची हवा काढावी, तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून झाकण लावावे, चिकटपट्टी गुंडाळावी आणि बाटली दोन पिशव्यांत घालून कपड्यांच्या मध्ये ठेवावी. दाढीची सुटी पाती आणि कात्री याच बॅगेत जातात. पॉवर बँक मात्र येथे चालत नाही. ती हातातल्या बॅगेतच न्यावी.

औषध, पाणी आणि पूजेचे साहित्य

प्रवासात लागणारी द्रवरूप औषधे, इन्सुलिन आणि तान्ह्या बाळाचे दूध यांना १०० मिलिलिटरची अट शिथिल असते. औषध मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असावे आणि मागण्याआधीच अधिकाऱ्यांना दाखवावे. ज्येष्ठांची रोजची औषधे मोठ्या बॅगेत टाकण्याची चूक करू नये. बॅग एक दिवस उशिरा आली तर पंचाईत होते.

उकाळलेले पाणीच पिण्याचा नियम असणाऱ्यांची अडचण वेगळी. भरलेली बाटली आंतरराष्ट्रीय तपासणीतून जात नाही. रिकामा थर्मास जातो. तपासणीनंतर चहाच्या काउंटरवर उकळते पाणी मागून तो भरून घेता येतो. चोविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्ताची वेळ पाहून ही सोय आधी करावी. न्हवण किंवा गंधोदक लहान कुपीत, तेलाच्या बाटल्यांसोबत पारदर्शक पिशवीत ठेवावे. वासक्षेपाची पुडी कोरडी असल्याने तिची अडचण नाही.

घरातच एक तपासणी

निघण्याच्या आदल्या दिवशी सगळे सामान एका चादरीवर मांडावे. प्रत्येक बाटलीवरील आकडा वाचावा आणि तिची जागा ठरवावी: पारदर्शक पिशवी, मोठी बॅग किंवा घर. हे काम सून किंवा नातवाने आजीजवळ बसून करावे, म्हणजे काय का ठेवले, हे तिलाही कळते आणि तपासणीच्या रांगेत तिची घालमेल होत नाही.

परिमाण ठरवून वागणे आपल्या घरांना नवे नाही. भोगोपभोगाला मर्यादा घालण्याचे व्रत ज्यांनी घेतले आहे, त्यांना एक लिटरच्या पिशवीचे दडपण वाटण्याचे कारण नाही. मर्यादा आधी स्वीकारली की सामान आटोपशीर होते. आणि घरी काढलेले ते तेल मोठ्या बॅगेत, साडीच्या घडीत सुखरूप बसून बाळाच्या अंगापर्यंत पोहोचते.